सापाच्या हृदयाकडून शिकलेला सर्जन: केईएमचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन

आज कुणाला हार्ट अटॅक आला की मनगटातून किंवा मांडीतून एक बारीक नळी आत सरकवतात, बंद पडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडतात, स्टेंट बसवतात आणि सगळं नीट असेल तर माणूस काही दिवसांत घरी येतो. आपल्याला याची इतकी सवय झालीये की 'काकांना स्टेंट टाकला' हे वाक्य आपण 'काकांनी दाढ काढली' या सुरात बोलतो.

साठ वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. तेव्हा परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये एक सर्जन आपल्या टीमसोबत एका वेगळ्याच प्रश्नावर काम करत होता. हृदयाला रक्त पुरवणारी नळी बंद पडली, तर हृदयाला दुसरीकडून रक्त देता येईल का? उत्तर शोधताना ही टीम थेट सापाच्या हृदयापर्यंत पोहोचली. पुढे तीनच वर्षांत याच सर्जनने भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. त्यांचं नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन.

या साइटवर आपण एरवी प्रोसेसर, बॅटरी आणि ॲप्सबद्दल बोलतो. पण सेन यांची गोष्टही टेक्नॉलॉजीचीच आहे. जगात कुठेतरी एक नवीन मशीन बनतं, ते आपल्याकडे यायला काय काय लागतं, आणि आलं तरी ते कुणाच्या उपयोगी पडतं, हा प्रश्न त्यात आहे. आणि हार्ट अटॅकवरचे उपचार आज जसे आहेत तसे का आहेत, हेही त्यातून छान कळतं.

आधी बेसिक: हार्ट अटॅक म्हणजे नक्की काय?

हृदय म्हणजे स्नायूंचा पंप. तो दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतो. गंमत म्हणजे या पंपातून दिवसभर रक्त वाहत असतं, पण आतून वाहणारं ते रक्त त्याला स्वतःला फारसं वापरता येत नाही. त्याच्या भिंती जाड असतात. त्यामुळे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवायला बाहेरच्या बाजूने वेगळ्या नळ्या असतात. त्या कोरोनरी धमन्या. डावीकडची मुख्य धमनी पुढे दोन फांद्यांत विभागते आणि उजवीकडची एक, अशा तीन मोठ्या लाइन धरून चला. त्यांची रुंदी काही मिलिमीटरच असते.

या नळ्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. एखाद्या दिवशी त्या थराचं वरचं आवरण फाटतं. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून ते तिथे रक्ताची गुठळी बनवतं. हातावर खरचटलं तर हीच गुठळी आपल्याला वाचवते, पण तीन मिलिमीटरच्या नळीत ती बूच बनते. नळी बंद झाली की तिच्या पुढच्या स्नायूला ऑक्सिजन मिळत नाही. अर्ध्या तासाच्या आसपास त्या भागातल्या पेशी मरायला लागतात, आणि पुढच्या काही तासांत हे मरण पसरत जातं. मेलेला स्नायू परत उगवत नाही, तिथे नुसता व्रण राहतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. हार्ट अटॅक हा प्लंबिंगचा प्रॉब्लेम आहे, म्हणजे नळी बंद पडते. कार्डियाक अरेस्ट हा वायरिंगचा प्रॉब्लेम आहे, म्हणजे हृदयाची विजेची लय बिघडते आणि पंप थांबतो. अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, पण दोन्ही एकच नाहीत.

आता सेन यांच्याकडे येऊ.

परळ ते फिलाडेल्फिया

प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ चा, घर बंगाली. पण डॉक्टर म्हणून त्यांचं जवळपास सगळं आयुष्य मुंबईत, परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेल्या केईएम हॉस्पिटलमध्ये गेलं.

केईएम कसं सुरू झालं ते माहीत असायला हवं. १९२६ साली हे हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा देणगीदारांची अट होती की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीय असतील. इंग्रजांच्या राज्यात मोठ्या वैद्यकीय पदांवर गोरे अधिकारी बसलेले असायचे, त्याला हे उत्तर होतं. हॉस्पिटल चालवायचं महापालिकेने. आजूबाजूला गिरण्या, चाळी, कामगार वस्ती. म्हणजे आपल्या माणसांना जगातलं उत्तम करता येतं हे दाखवायचं, आणि त्याच वेळी परळ-लालबागच्या कामगाराला फुकट किंवा अगदी स्वस्तात उपचार द्यायचे, अशी दोन्ही कामं या हॉस्पिटलकडे पहिल्या दिवसापासून होती. सेन यांच्या सगळ्या करिअरमध्ये ही दोन कामं एकमेकांना टक्कर देताना दिसतात.

१९४० च्या दशकाच्या शेवटी सेन रॉकफेलर फाउंडेशनच्या फेलोशिपवर फिलाडेल्फियाला गेले. वेळ अचूक होती. हृदयाला हात लावायचा नाही, हा सर्जरीतला जुना नियम तेव्हा मोडत होता. १९४८ साली त्याच शहरात चार्ल्स बेली यांनी धडधडत्या हृदयात बोट घालून आखडलेली झडप मोकळी केली होती. त्याच शहरात जॉन गिबन हे हृदय आणि फुप्फुस या दोघांचं काम काही वेळ बाहेरून करणारं मशीन बनवत होते, आणि त्यासाठी त्यांना आयबीएम कंपनीच्या इंजिनिअरांची मदत मिळत होती. हो, तीच आयबीएम.

परत आल्यावर सेन यांनी केईएममध्ये हृदयाच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. तेव्हाच्या मुंबईत संधिवाताच्या तापामुळे, म्हणजे रुमॅटिक फीव्हरमुळे झडप खराब झालेले रुग्ण भरपूर असायचे. गर्दीच्या, कोंदट खोल्यांत राहणाऱ्या पोरांना हा आजार व्हायचा. पंचविशीत जिना चढताना दम लागायचा आणि चाळिशीच्या आत माणूस जायचा. बोटाने झडप मोकळी करण्याच्या ऑपरेशनला मोठं मशीन लागत नव्हतं. सर्जनचा हात आणि भूल देणारा तयार डॉक्टर असला की ते करता यायचं. त्यामुळे ते भारतात लवकर रुजलं.

पण हृदय उघडून आत नीट बघत काम करायचं असेल तर? त्यासाठी हृदय थांबवावं लागतं. आणि हृदय थांबलं की मेंदूकडे जेमतेम चार-पाच मिनिटं असतात. शरीर बर्फाने थंड केलं तर थोडी जास्त मिनिटं मिळतात. ही पद्धतही केईएममध्ये वापरली गेली. पण मोठ्या कामाला एवढा वेळ पुरत नाही. तिथे हार्ट-लंग मशीनला पर्याय नव्हता.

एकच मशीन, मुंबईत यायचे दोन रस्ते

गिबन यांनी १९५३ मध्ये त्यांचं मशीन पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं. १९५५ मध्ये मिनिआपोलिसच्या डॉक्टरांनी त्याची सोपी आवृत्ती काढली. रक्तात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे आणि मग ते बुडबुडे काढून टाकून रक्त परत शरीरात पाठवायचं. एक-दोन वर्षांत ही मशीन बाजारात विकायला आली.

म्हणजे आता ऑर्डर द्यायची आणि मागवायचं, एवढंच ना? नाही. १९५० च्या दशकातल्या भारतात डॉलर मिळवणं हेच मोठं काम होतं. परकीय चलनावर आणि आयातीवर कडक बंधनं होती. आज आपण पार्सल कस्टममध्ये दोन दिवस अडकलं तर वैतागतो. तेव्हा अख्खं मशीन कागदोपत्रीच अडकून राहायचं.

मुंबईत दोन सर्जन या मशीनच्या मागे होते आणि दोघांनी वेगवेगळा रस्ता धरला. डॉ. केरसी दस्तूर यांनी सुटे भाग जमवून, जोडजाड करून स्वतःच मशीन बनवायचं ठरवलं. सेन यांनी आंतरराष्ट्रीय ओळखी वापरल्या. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने परदेशात ट्रेनिंग आणि उपकरणं मिळवली. १९६२ मध्ये मुंबईतल्या दोन हॉस्पिटलांत हार्ट-लंग मशीन लावून ओपन-हार्ट सर्जरी झाली, एकीकडे दस्तूर यांची आणि दुसरीकडे सेन यांची.

सॉफ्टवेअरवाल्यांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल. एक जण ओपन सोर्स तुकडे जोडून स्वतःचा सर्व्हर उभा करतो, दुसरा फंडिंग मिळवून तयार सिस्टिम आणतो. दोन्ही रस्त्यांत एक गोष्ट मात्र सारखीच लागते. नुसतं मॅन्युअल वाचून सिस्टिम चालत नाही. नळीतला एक हवेचा बुडबुडा मेंदूत गेला तर काय होतं, रक्त गोठू नये म्हणून औषध किती द्यायचं, मशीनवरून माणसाला परत त्याच्या हृदयावर आणताना कोण काय बघतं, हे हातात मुरावं लागतं. एकट्या सर्जनच्या हातात मुरून भागत नाही. भूलतज्ज्ञ, मशीन चालवणारा, नर्स, लॅब असं सगळ्यांच्या हातात ते यावं लागतं. अशी टीम तयार करणं हे सेन यांचं सर्वांत मोठं काम मानायला हरकत नाही. ती तयार होती म्हणूनच पुढच्या दोन उड्या मारता आल्या.

सापाचं हृदय

पहिली उडी १९६५ ची, आणि ती थेट हार्ट अटॅकशी संबंधित आहे.

तेव्हा कोरोनरी धमनी बंद पडलेल्या माणसाला डॉक्टर काय देऊ शकत होते? वेदना कमी करणारी औषधं आणि कित्येक आठवडे पलंगावर सक्तीची विश्रांती. लय बिघडली तर शॉक देता यावा म्हणून मॉनिटर असलेले खास वॉर्ड नुकते कुठे सुरू होत होते. नळी उघडायची सोय नव्हती. एवढंच कशाला, अटॅकच्या क्षणी गुठळीमुळेच नळी बंद पडते का, यावरही डॉक्टरांमध्ये वाद होता.

सेन यांच्या टीमने वेगळीकडून विचार केला. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाची भिंत स्पंजसारखी असते. तिच्यात बारीक बारीक पोकळ्या असतात आणि हृदयाच्या आतल्या कप्प्यातलं रक्त थेट त्या पोकळ्यांतून स्नायूत झिरपतं. बाहेरच्या नळ्यांवर ते हृदय आपल्याइतकं अवलंबून नसतं. मग माणसाच्या हृदयालाही असंच करता आलं तर? स्नायू रक्ताने भरलेल्या कप्प्याला लागूनच आहे. भिंतीत सुईने बारीक भोकं पाडली तर आतलं रक्त त्या वाटेने स्नायूत येईल का?

त्यांनी कुत्र्यांच्या हृदयावर हे करून पाहिलं. कोरोनरी धमनी बांधून बंद केली आणि त्या भागात सुईने भोकं पाडली. १९६५ मध्ये सेन, तेहेमटन उडवाडिया, किनरे आणि परुळकर यांच्या नावाने हे काम छातीच्या सर्जरीच्या मोठ्या अमेरिकन जर्नलमध्ये छापून आलं. त्यांनी पद्धतीला नाव दिलं ट्रान्समायोकार्डियल ॲक्युपंक्चर. यातले उडवाडिया म्हणजे पुढे भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची सुरुवात करणारे सर्जन.

पुढे काय झालं? शरीर कुठलीही जखम भरून काढतं, तशी ही भोकंही काही काळाने भरून यायची. १९८० च्या दशकात अमेरिकेत महमूद मिरहोसेनी यांनी सुईच्या जागी लेझर वापरून हीच कल्पना पुढे नेली. १९९८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने अशा लेझर मशीनला मान्यताही दिली. बायपास किंवा अँजिओप्लास्टी शक्य नसलेल्या रुग्णांच्या छातीतलं दुखणं कमी झाल्याचं दिसत होतं. पण मेलेल्यांच्या हृदयाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा लेझरची भोकंही बुजलेलीच दिसली. नंतर नळीतून लेझर सोडण्याच्या प्रकाराची खोट्या उपचाराशी तुलना करून चाचणी झाली, म्हणजे काही लोकांना लेझर दिला आणि काहींना फक्त दिल्यासारखं केलं. दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही.

म्हणजे सापाची वाट माणसाच्या हृदयात टिकली नाही. पण त्यामागचा प्रश्न अचूक होता. स्नायू मरतोय तो रक्ताअभावी, तर रक्त पोहोचवा, बाकी सगळं नंतर. आजचे सगळे उपचार याच वाक्यावर उभे आहेत.

फेब्रुवारी १९६८

दुसरी उडी याहून मोठी होती. स्नायू वाचवण्यापलीकडे गेला असेल तर हृदयच बदलायचं.

३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत केपटाउनमध्ये क्रिस्टियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसात बसवलं. रुग्ण १८ दिवस जगला. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी एका बाळावर प्रयत्न केला. जानेवारीत कॅलिफोर्नियात नॉर्मन शमवे यांनी केला. आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये परळला सेन यांनी. हे ऑपरेशन करणारे ते जगातले चौथे सर्जन. यादीतली बाकीची नावं पैसेवाल्या देशांतली आहेत, आणि त्यांच्या शेजारी मुंबई महापालिकेचं एक हॉस्पिटल आहे.

हे बर्नार्ड यांची बातमी वाचून अडीच महिन्यांत झालं नव्हतं. टीम आधीपासून कुत्र्यांवर सराव करत होती. शीतयुद्धाच्या त्या काळात सेन यांनी अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोन्हीकडे संबंध ठेवले होते. हृदय काढणं आणि शिवणं यातल्या तंत्राचा भाग त्यांना येत होता.

मोठी अडचण दुसरीच होती. हृदय द्यायला मेलेला माणूस हवा, पण त्याचं हृदय चालू हवं. मग तो मेलाय हे ठरवायचं कसं? मेंदू कायमचा बंद पडला म्हणजे मृत्यू, ही व्याख्या हार्वर्डच्या समितीने मांडली ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे केईएममधल्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी. भारतात तसा कायदा यायला १९९४ उजाडलं. म्हणजे १९६८ मध्ये सेन यांच्या हातात कायद्याचा आधार नव्हता. सरकारी यंत्रणेशी बोलत, वाट काढत त्यांना पुढे जावं लागलं. प्रत्यारोपणातला सर्वांत नाजूक प्रश्न त्यांच्या टीमला जवळपास कोऱ्या कागदावर सोडवावा लागला.

रुग्णाला हृदयाच्या स्नायूचाच आजार होता. नवीन हृदय बसवल्यावर तो सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तो रुग्ण सुमारे १४ तास जगला. त्यानंतर त्यांनी हे थांबवलं.

तीन तास ऐकून वाटेल की हे अपयश. पण त्या वर्षी जगभर शंभरहून जास्त हृदय प्रत्यारोपणं झाली आणि बहुतेक रुग्ण थोड्याच काळात गेले. शरीर परकं हृदय नाकारतं, आणि ते रोखणारं चांगलं औषध तेव्हा नव्हतं. बहुतेक देशांनी काही वर्षांत हे काम बंद केलं. सायक्लोस्पोरिन नावाचं औषध १९८० च्या आसपास आलं तेव्हा कुठे हृदय प्रत्यारोपण परत सुरू झालं. १९६९ मध्ये सेन यांना पद्मभूषण मिळालं. १९८२ मध्ये ते गेले.

मग हे करायला हवं होतं का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला पाहिजे. ज्या हॉस्पिटलमध्ये साध्या उपचारांसाठी रांग संपत नाही, तिथे जगातली सर्वांत महाग आणि सर्वांत धोक्याची सर्जरी कशासाठी? त्या पैशात आणि त्या वेळात रुमॅटिक तापाच्या किती पोरांना वेळेवर पेनिसिलीन मिळालं असतं?

दुसरी बाजूही खरी आहे. तुम्ही कधीच अवघड काम हातात घेतलं नाही, तर अवघड काम येणारी टीम तयार होत नाही. केईएममध्ये तयार झालेले सर्जन पुढे कित्येक वर्षं साधी, रोजची, हजारो ऑपरेशनं करत राहिले. आणि भारतीयांनी वाट बघायची, शोध बाहेरच्यांनी लावायचे, हा समज मोडणं हे त्या हॉस्पिटलच्या जन्मातच लिहिलेलं होतं.

मला स्वतःला दोन्ही बाजू पटतात, पण एक गोष्ट जास्त टोचते. सेन यांची टीम कितीही हुशार असली तरी त्या दोन रुग्णांना वाचवणारं औषध जगातच नव्हतं. आज उलट आहे. हार्ट अटॅकचा उपचार जगात आहे, मुंबईत आहे, परळमध्ये आहे. तरी माणसं जातात, कारण ती उशिरा पोहोचतात.

शेवटी उत्तर सापडलं ते नळीतच

सेन नळीला वळसा घालायचे रस्ते शोधत होते, तेव्हा दुसरीकडे नळीच बघायला आणि दुरुस्त करायला लोक शिकत होते. पटापट बघू:

- १९५८: अमेरिकेत मेसन सोन्स यांच्या हातून चुकून कोरोनरी धमनीत थेट डाय सोडला गेला आणि नळ्या एक्स-रेवर स्पष्ट दिसल्या. हीच अँजिओग्राफी.
- १९६७: अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी अमेरिकेत पायातली शीर वापरून बंद जागेला वळसा घातला. बायपासची पद्धत यातून रुळली.
- १९७७: झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी घरच्या किचनमध्ये बनवून बघितलेल्या बारीक फुग्याने जागत्या माणसाची धमनी उघडली. ही अँजिओप्लास्टी.
- १९८०: अटॅकनंतर पहिल्या काही तासांतच अँजिओग्राफी करून अमेरिकेतल्या मार्कस डीवुड यांनी दाखवलं की बहुतेकांची नळी गुठळीने पूर्ण बंद असते. वाद मिटला.
- १९८६: नळी परत आखडू नये म्हणून पहिल्यांदा माणसाच्या कोरोनरी धमनीत जाळी, म्हणजे स्टेंट बसवला गेला. त्याच वर्षी इटलीत अकरा हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं की गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दिल्याने जीव वाचतात, आणि पहिल्या तासात दिलं तर सर्वांत जास्त.

भारतात स्टेंटची किंमत बराच काळ सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत ठरवली. साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये, कर वेगळा. ती मर्यादा पुढे थोडी बदलत राहिली, पण आधी लाखाच्या वर जाणारी वस्तू एका आदेशाने खाली आली. शोध आणि तो परवडणं यात कधी कधी काही दशकांचं अंतर असतं.

आणि केईएम? मुंबईत यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडलं. पुण्याहून आलेलं हृदय मुलुंडच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये बसवलं गेलं. केईएममध्ये परत हृदय प्रत्यारोपण झालं २०२४ मध्ये, म्हणजे सेन यांच्यानंतर ५६ वर्षांनी.

आता तुमचं काम

मी अँटॉप हिलला राहतो. इथून केईएम चार-पाच किलोमीटरवर आणि सायन हॉस्पिटल त्याहून जवळ. म्हणजे अंतर हे कारण असायला नको. तरी आपल्याकडे छातीत कळ आली की आधी गॅस समजून सोडा पितात, मग थोडं पडून बघतात, मग सकाळी बघू म्हणतात. तोवर स्नायू गेलेला असतो. आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. अनेक देशांतल्या रुग्णांची तुलना केली तेव्हा दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा काही वर्षं आधीच येतो असं दिसलंय.

हे लक्षात ठेवा:

- छातीच्या मधोमध दाब किंवा जडपणा, तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, थंड घाम, दम लागणं, मळमळ. बायकांमध्ये आणि डायबेटीस असलेल्यांमध्ये छाती न दुखताही नुसता दम किंवा प्रचंड थकवा येऊ शकतो.
- लगेच १०८ ला फोन लावा. पेशंटला बसवा, चालवू नका, जिने चढू-उतरू देऊ नका, आणि त्याला स्वतः बाइक तर अजिबात चालवू देऊ नका.
- ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन चावून खायला देतात. फोनवर डॉक्टर असेल तर त्याला विचारून द्या.
- हॉस्पिटलमध्ये पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. तो झाला नसेल तर मागा. नळी पूर्ण बंद असल्याचं दिसलं तर दीड तासाच्या आत अँजिओप्लास्टी हे ध्येय असतं. तेवढ्या वेळात शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात.
- माणूस कोसळला, हाक मारून उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर सीपीआर सुरू करा. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबा. मदत येईपर्यंत थांबू नका.

आणि स्मार्टवॉचबद्दल. घड्याळातला ईसीजी एकाच कोनातून हृदयाची लय बघतो. हॉस्पिटलचा ईसीजी बारा कोनांतून बघतो. म्हणून घड्याळ लय बिघडल्याचं सांगू शकतं, पण हार्ट अटॅक पकडू शकत नाही. त्या कंपन्याही हे स्पष्ट लिहितात. छातीत दुखत असताना घड्याळावर सगळं नॉर्मल दिसतंय म्हणून घरी बसणं ही सर्वांत वाईट आयडिया.

सेन यांच्या काळात डॉक्टरकडे नळी उघडायचा उपाय नव्हता, म्हणून त्यांनी सापाच्या हृदयापर्यंत जाऊन बघितलं. आज उपाय आहे आणि त्याचं घड्याळ पहिल्या कळेपासून सुरू होतं. हा लेख वाचून झाला की एकच करा. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये १०८ सेव्ह करा आणि रात्री दोन वाजता कुठल्या हॉस्पिटलमध्ये अँजिओप्लास्टी होते ते आजच विचारून ठेवा.